नऊ मोकळी घरं

“तीन धर, दोन सोड. एक धर, पाच सोड. हात माझ्या तोंडाच्या पुढं पळवू नकोस, मंदे. सहा धर, एक सोड… काठाला आलं, मागं वळलं.”

आप्पा वाचत होते, मी पत्ते पाडत होते. ‘काठाला आलं, मागं वळलं’ म्हटलं की एक ओळ संपायची आणि पुठ्ठ्याचा एक पत्ता पुरा व्हायचा. तो काढून मी खाली टाकायची आणि नवा लावायची. जात्यावर बसलेल्या बाईला जसं ओवी संपली की मूठभर दाणे टाकायचं आपोआप सुचतं, तसं.

साडीच्या काठावर मोर नाचवायचा असेल तर तो आधी चौकटींच्या कागदावर उतरवावा लागतो. रंगानं भरलेलं घर म्हणजे धागा वर, मोकळं घर म्हणजे धागा खाली. मग एकानं कागद वाचायचा आणि दुसऱ्यानं बाजाच्या पेटीसारख्या पट्ट्या असलेल्या यंत्रावर बोटं मारून पुठ्ठ्याला भोकं पाडायची. पुठ्ठ्यांची माळ मागावर चढली की मोर विणून निघतो. इचलकरंजीत तेव्हा असे वाचणारे पाच-सहा जण होते, पण दत्तोबा लाटण्यांच्या वाचनात एक घर चुकलं असं कुणी कधी म्हटलेलं नव्हतं. आप्पांची सगळी मिरास तेवढीच. एक घर चुकलं तर चाळीस साड्यांवरच्या मोरांचे डोळे फुटतात.

मी दहाव्या वर्षापासून त्यांच्यासमोर बसत आले होते. ऐकायचं आणि बोटं मारायची, मध्ये डोकं आणायचं नाही. नियम एकच, तोही त्यांनी मला गाण्यातून शिकवलेला:

अंगणी नाचे मोर, पिसारा त्याचा मोकळा,
एक धागा सुटला बाई, बांगडीत अडकला.

म्हणजे धागा सलग आठ घरांपेक्षा जास्त मोकळा सोडायचा नाही. सोडला तर नेसणारीच्या बांगडीत अडकतो, जोडव्यात अडकतो, ओढला जातो आणि काठ उसवतो. आठाच्या पुढं गेलं की मधलं एक घर भरून धागा बांधून टाकायचा. कागदावर काढणारा विसरला तरी वाचणाऱ्यानं बांधायचं.

त्या शनिवारी सकाळी मोराचे पत्ते संपले तेव्हा नऊ वाजले होते. आप्पांनी मान मोडली, पाणी प्यायले आणि म्हणाले, “आता तुझं ते भुताचं घर आण.”

साल सत्त्याऐंशी. मी एकोणीस वर्षांची होते आणि मला दुसऱ्या दिवशी पुण्याचा एक माणूस बघायला येणार होता. मुलगी म्हणून नव्हे. माझे चक्रव्यूह बघायला.

ते सुरू झालं ते धनपाल शेठच्या घरी. आप्पांचं सगळं काम शेठकडचंच. दोन महिन्यांपूर्वी पत्ते पोचवायला गेले, तर शेठचा पुतण्या अभिनंदन, सांगलीला इंजिनिअरिंग शिकणारा, टीव्हीसमोर मांडी घालून बसलेला. मांडीवर वहीएवढा काळा डबा, त्याला रबराची बटणं. लंडनच्या भावानं पाठवलेला कॉम्प्युटर. शेजारच्या टेपरेकॉर्डरमधून करवतीवर खिळा घासल्यासारखा आवाज येत होता.

“टेप बिघडली काय?” मी विचारलं.

“बिघडली नाही. खेळ भरतोय तिच्यातनं.” पाच मिनिटांनी करवत थांबली आणि पडद्यावर निळ्या भिंतींचं जाळं उमटलं. “खेळणार? पिवळा ठिपका म्हणजे तू. मोती गोळा करून बाहेर पडायचं. लाल भुतं आली की पळायचं.”

“भुतांना मारायचं कशानं?”

“मारता येत नाही. नुसतं पळायचं.”

“म्हणजे घरच्यासारखंच की.”

तो हसला. मी खेळले आणि तीनदा मेले. चौथ्यांदा बाहेर पडले आणि म्हटलं, “ह्याच्या भिंती सोप्या आहेत. ज्यानं काढल्या त्याला वळण कुठं द्यायचं ते कळत नाही.”

“मग तू काढ. ह्याच्यात सोय आहे.” त्यानं दाखवलं. आडवी बत्तीस घरं, उभी बावीस. भिंत असेल तिथं एक दाबायचा, वाट असेल तिथं शून्य.

मी पडद्याकडे बघतच राहिले. “हे तर आमचे पत्ते.”

“काय?”

“एक म्हणजे धर. शून्य म्हणजे सोड.”

पहिला चक्रव्यूह मी कागदावर काढला आणि अभीसमोर बसून टाइप करायला गेले, तर जमेना. डोळ्यांनी बघून माझी बोटं चालेचनात. ती कानांवर चालायला शिकलेली. शेवटी आप्पांनी घरी कागद वाचला, अभीच्या टेपरेकॉर्डरवर तो भरून घेतला आणि ती कॅसेट मी शेठच्या घरी लावली. बावीस ओळी वीस मिनिटांत. अभी म्हणाला, “अगं, तू माणूस आहेस का माग?” आप्पांचा आवाज कॅसेटच्या एका बाजूला आणि तयार झालेला चक्रव्यूह, म्हणजे ती करवत, दुसऱ्या बाजूला. अशा सहा कॅसेटी झाल्या.

अभीनं त्या पुण्याला करंबेळकर म्हणून एका गृहस्थांना पाठवल्या. ते तीन-चार माणसं घेऊन खेळांच्या कॅसेटी तयार करायचे. त्यांचं पत्र आलं. रविवारी दुपारी चारला येतो, मुलीला भेटायचं आहे, एखादा नवा चक्रव्यूह तयार असल्यास उत्तम. पटलं तर जूनपासून कामावर घेऊ, राहायची सोय माझ्या बहिणीकडे.

त्याच रविवारपर्यंत कुंभोजच्या स्थळालाही उत्तर द्यायचं होतं. मुलाचे आठ माग होते आणि त्यांना पत्ते पाडणारी सून आयती मिळत होती. आई म्हणायची, “पुणेवाला व्हय म्हणाला तर पुणं, न्हाई म्हणाला तर कुंभोज.” आप्पा काहीच म्हणायचे नाहीत. एकदाच म्हणाले, “तू गेलीस तर यंत्रावर कोण बसणार?” आणि मी त्या एका वाक्याचा काटा मनात खोवून ठेवला.

तर त्या शनिवारी मी सातवा कागद त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी तो उजेडाला धरला, बोट फिरवलं आणि चौदाव्या ओळीवर थांबले.

“हे काय? नऊ मोकळी?”

“हो.”

“साडी फाटंल.”

“ही साडी नाही आप्पा. हे बघा, इकडच्या सगळ्या वाकड्या वाटा फिरून फिरून परत इथंच येतात. बाहेर जायची वाट एकच, ही मधली, नऊ घरं सरळ. वळण नाही, आडोसा नाही, एक मोती नाही. दोन्ही तोंडांना भुतं. खेळणाऱ्याला वाटतं, इथं गेलो की मेलो. म्हणून तो वाकड्या वाटांनीच फिरत बसतो. जो सरळ पळेल तो सुटेल.”

आप्पांनी वाकड्या वाटांवरून फिरवत बोट परत मधल्या वाटेवर आणलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “छाती पाहिजे.”

“हो.”

“नेसायची नसंल तर मग सोडू मोकळं.” आणि मिशीत हसले. “लाव टेप.”

मी दोन बटणं एकदम दाबली. आप्पांनी घसा साफ केला. टेपसमोर ते नेहमीपेक्षा जरा जास्त सुरात वाचायचे. बत्तीस धर. काठाला आलं, मागं वळलं. नववी ओळ चालू असताना आई बाहेरून ओरडली, “मंदे, नळ आला. घागरी घे आधी, जाईल.”

आप्पांनी वाचता वाचताच हातानं मला जा म्हणून खुणावलं. मी घागरी उचलून गेले. परत आले तेव्हा वाचन संपलं होतं, टेप बंद होती आणि आप्पा कागदाची नीट घडी घालून ठेवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी शेठच्या घरी गेले. चार वाजायला भरपूर अवकाश होता. टाइप करावं, दोन-चारदा खेळून बघावं, कुठं अडलं तर सुधारावं. दहा ओळी झाल्या असतील, तेवढ्यात अंगणात गाडी वाजली. अभी खिडकीतून डोकावला.

“आले गं.”

“कोण?”

“करंबेळकर. कोल्हापूरचं काम लवकर आटपलं म्हणे.”

पुढच्या खोलीत शेठचा आवाज, खुर्च्यांचा आवाज, कपबश्यांचा आवाज. मी टेप सुरू ठेवली आणि बोटं मारत राहिले. आप्पांचा आवाज चालला होता, त्यावर अभीचा चालला होता. “चहा झाला… काका त्यांना माग दाखवतायत… तुझ्या आप्पांनाही बोलावणं धाडलंय… उठले, उठले. झालं का?”

“झालं.” शेवटची ओळ संपली. कॅसेट उलटी करून चक्रव्यूह तिच्यावर भरून घेतला. खेळून बघायला वेळ उरला नाही.

करंबेळकर ठेंगणे, चष्म्याआड डोळे मिचकावणारे. अघळपघळ काही बोलले नाहीत. आधीचे सहा त्यांनी पुण्यात खेळून बघितलेच होते. “नवा लावा,” म्हणाले आणि मांडी घालून जमिनीवर बसले. शेठ आरामखुर्चीत. आप्पा धुतलेली टोपी घालून आले होते. ते दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. शेठच्या घरी ते कधी बसत नसत.

वीस मिनिटं खेळ चालला. पिवळा ठिपका डावीकडं गेला, वळला, पुन्हा तिथंच आला. भुतांनी खाल्ला. पुन्हा निघाला. करंबेळकर ‘अस्सं’ म्हणायचे, जरा वेळानं ‘वा’ म्हणायचे. मग ते ‘वा’ म्हणायचे थांबले.

“पोरी, यातून वाट कुठाय?”

“आहे.”

“मी सगळ्या कडेनं फिरलो. नाहीये.”

“मधून आहे. तिथं कुणी जात नाही.”

“गेलो ना. दाखव तू.”

मी डबा मांडीवर घेतला. ठिपका मधल्या वाटेच्या तोंडाशी नेला, भूत वळेपर्यंत थांबवला आणि सोडला. एक, दोन, तीन, चार घरं. ठिपका थांबला. मी बटण दाबत राहिले आणि मागून आलेल्या भुतानं त्याला खाल्लं.

चार मोकळी घरं. मग एक निळं. मग चार मोकळी.

“इथं नऊ होती,” मी म्हटलं. “मी नऊ सोडली होती.”

“मग भिंत आली कुठून?” करंबेळकरांनी विचारलं. आवाज चढा नव्हता, पण त्यात आधीच्या सहा चक्रव्यूहांचं कौतुक उतरत चाललेलं मला ऐकू आलं. “आम्ही एका वेळी हजार कॅसेटी काढतो. असं एक घर चुकलं तर हजार पोरं फसतील. हे तपासलं कुणी?”

मी दाराकडं वळले.

“आप्पा, तुम्ही बांधलंत?”

ते चौकटीपासून सरळ झाले.

“मी पाणी भरायला गेले तेव्हा. सवयीनं बांधलंत ना? चार सोड, बांध, चार सोड. सांगितलं होतं तुम्हाला. दाखवून सांगितलं होतं.”

आप्पा पुढं आले. दोन पावलं. त्यांनी पडद्याकडं बघितलं, त्या निळ्या घराकडं, कागद बघताना बघायचे तसं डोळे बारीक करून. मग माझ्या हातांकडं बघितलं. माझी बोटं अजून रबरी बटणांवरच होती.

मला तेवढ्यानं भागलं नाही. तो खोवलेला काटा वर आला. “का मुद्दामच केलंत? यंत्रावर बसायला कुणी नाही ना. मी जायलाच नको आहे तुम्हाला. कुंभोजला गेले तर निदान आपल्यातच राहीन, असंच ना?”

“मंदा,” अभी हळूच म्हणाला.

आरामखुर्ची करकरली. शेठ पुढं झुकले होते. “दत्तोबा, वाचन तुझं होतं?”

“व्हय शेठ.”

“आणि चुकलं?”

आप्पांनी टोपी काढली, हातात धरली. आयुष्यभर ज्या माणसाच्या तोंडून हा शब्द त्याच्या कामाबद्दल कुणी ऐकला नव्हता, तो म्हणाला, “चुकलं. तोंडातनं गेलं असंल. मुद्दाम न्हाई केलं, पर चुकलं माझंच.” मग करंबेळकरांकडं वळून, “साहेब, पोरीचा कागद बरोबर हाय. तिचा हात बी बरोबर हाय. तिनं माझं ऐकून केलं. तिला बोल लावू नका.”

करंबेळकरांनी माझ्याकडं बघितलं. “दुरुस्त करता येईल?”

एकाच्या जागी शून्य. अर्धं मिनिट लागलं. ते पुन्हा खेळायला बसले, आता वाट कुठं आहे ते माहीत असूनही दोनदा मेले, कारण मध्येच घाबरून मागं फिरले. तिसऱ्यांदा सरळ सुटले आणि मांडीवर थाप मारली.

“जूनच्या एक तारखेला ये,” ते म्हणाले. “आणि एक लक्षात ठेव. इथून पुढं दुसऱ्याच्या वाचनावर विसंबायचं नाही.”

शेठही मान हलवत होते. पण ते माझ्याकडं बघत नव्हते. ते आप्पांच्या हातातल्या टोपीकडं बघत होते.

घरी जाताना आप्पा पुढं, मी चार पावलं मागं. रविवार असल्यानं बरेच माग बंद होते आणि गल्ली ओळखू येत नव्हती इतकी शांत. कोपऱ्यावर आप्पा थांबले.

“टेप घेतलीस न्हवं?”

“घेतली.”

“जपून ठेव.”

“ठेवीन ना. माझं काम आहे तिच्यावर.” ‘माझं’वर मी जोर दिला.

त्यांनी मान डोलावली आणि चालू लागले.

मी पुण्याला गेले. पुढं करंबेळकरांची दोन खोल्यांची कंपनी मोठी झाली, कॅसेटी गेल्या, डबे बदलले, मीही बदलले. तो सातवा चक्रव्यूह आमच्या पहिल्या खेळाचा शेवटचा टप्पा झाला. लोक त्यात तासन्‌तास अडकायचे आणि पत्रं पाठवायचे.

कामावर मी ही गोष्ट रंगवून सांगायची. माझ्या वडिलांनी साडी समजून माझा चक्रव्यूह कसा बांधून टाकला. सगळे पोट धरून हसायचे. इतकं झालं की पुढं प्रोग्रॅममध्ये कुठं चूक सापडली की आमच्याकडं ‘आप्पा सापडला’ म्हणायला लागले. “मंदाताई, काल तीन आप्पा काढले.” नव्या पोरांना तर आप्पा हे माणसाचं नाव आहे हेही माहीत नव्हतं. मीही हसायची. हसण्यात माझा आवाज सगळ्यांत मोठा असायचा.

मी पुण्याला गेले त्याच वर्षी, दिवाळीच्या आधी आईचं पत्र आलं होतं. ‘शेठनं आप्पांचं वाचन बंद केलं. दुसरीकडं बी कोण देत न्हाई. नजर कमी आली म्हणून सोडलं, असं आप्पा सांगतात. बसून करमत न्हाई म्हणून कांड्या भरतात.’ कांड्या भरणं म्हणजे धोट्यात घालायच्या नळीवर सूत गुंडाळणं. आमच्यात ते थकल्या म्हाताऱ्यांचं आणि पोरासोरांचं काम. आप्पा तेव्हा एकावन्न वर्षांचे होते.

मी पत्र वाचलं आणि मला एका परीनं बरं वाटलं. नजर कमी झाली होती तर. म्हणून चुकलं. पुढच्या खेपेला मी पुण्याहून त्यांच्यासाठी चांगला चष्मा घेऊन गेले. त्यांनी तो लावला, खोलीभर बघितलं आणि म्हणाले, “झ्याक दिसतंय बाई.”

मग मी जायचे तेव्हा ते चष्मा लावून कांड्या भरायच्या रहाटाशी बसलेले असायचे. तोंडानं काही म्हणत नसायचे. कांड्या भरायला वाचन लागत नाही. यंत्र कोपऱ्यात, त्यावर गोधडी. आम्ही जेवायचो, पाऊसपाण्याचं बोलायचो. त्या रविवारचा विषय त्यांनी कधी काढला नाही. मी काढला, एकदाच. ते अंथरुणाला खिळले होते तेव्हा. त्यांच्या हातावर हात ठेवून मी म्हटलं, “आप्पा, ते शेठच्या घरचं मनात ठेवू नका. झालं गेलं. मी कधीच माफ केलंय तुम्हाला.”

ते माझ्याकडं बघत होते. चष्मा नव्हता डोळ्यांवर. मग हसले. मिशी पांढरी झाली होती, हसू तेच.

“बरं केलंस,” म्हणाले.

ते गेल्यावर त्यांच्या वस्तू आवरताना तो चष्मा सापडला. काचेवर एक चरा नव्हता. मी आईला दाखवला.

“त्यो व्हय,” आई म्हणाली. “तू यायची असलीस की पेटीतनं काढून लावायचे. एरवी सुईत दोरा मला तेच ओवून द्यायचे.”

मी ते ऐकलं आणि चष्मा पिशवीत टाकला. तरीही मला काही कळलं नाही. कळून घ्यायचं नव्हतं, असं म्हणणं जास्त खरं.

त्यानंतर तीन वर्षांनी, परवाच्या श्रावणात, ऑफिसातली एक मुलगी, केतकी, माझ्याकडं आली. जुने खेळ जतन करायचा तिला छंद. “तुमच्या मूळ कॅसेटी आहेत ना? खराब व्हायच्या आत कॉम्प्युटरवर घेऊन देते.” मी सातही दिल्या. चार दिवसांनी तिचा फोन आला.

“मॅडम, खेळांच्या बाजू झाल्या. दुसऱ्या बाजूला कुणीतरी गाण्यासारखं काहीतरी म्हणतंय. धर, सोड, असं. ते ठेवू की पुसू?”

“पाठव,” मी म्हटलं.

घरी कुणी नव्हतं. सातवी फाइल लावली. आधी सूं असा टेपचा आवाज, मग त्यात लांबवर मागांची खटखट, मग घसा साफ करणं. बत्तीस धर. काठाला आलं, मागं वळलं. एकेक ओळ. नवव्या ओळीत आईचा आवाज, घागरींचा आवाज, आणि उंबरा ओलांडून जाणारी एकोणीस वर्षांची पावलं. मग नुसते आप्पा. दहा. अकरा. बारा. तेरा.

“अकरा धर. नऊ सोड. बारा धर.”

तिथं ते थांबले होते. टेप फिरत होती. आणि मग सूर सोडून, साध्या बोलण्याच्या आवाजात, कुणाला तरी जवळ बसवून सांगावं तसं:

“नऊच हं मंदे. बांधू नकोस. तुझ्या हाताला सवय हाय, तू न सांगता बांधतीस. इथं हात आवर. मोकळंच ऱ्हाऊ दे… काठाला आलं, मागं वळलं.”

मी फाइल मागं नेली. पुन्हा लावली.

“अकरा धर. नऊ सोड.”

खाली बघितलं तर टेबलावर माझी बोटं चालत होती. चार वेळा उचलली गेली. मग एकदा दाबली गेली. मग चार वेळा उचलली गेली.